पाणी पायरीला लागू दे, मग बघू

पत्र:

ताई, आम्ही शिरोळ तालुक्यातले. नदी घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. घरात सासू-सासरे, दोन मुलं आणि मी. नवरा चाकणला कंपनीत आहे. दारात तीन म्हशी, त्यातली एक गाभण, आणि एक रेडकू. आठ दिवस धरण भागात पाऊस कोसळतोय, आज कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३८ फूट झालीय. मी म्हटलं, आताच निघू. मामंजी, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, “पाणी पायरीला लागू दे, मग बघू की.” २००५ ला पाणी पायरीपर्यंत येऊन उतरलं होतं, तेच धरून बसलेत. २०१९ ला याच ‘मग बघू’मुळे रात्री दोन वाजता बोटीतून निघालो. मला सहावा महिना होता. आबांना दोन पोरांनी उचलून बोटीत घातलं. त्यावर ते आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. म्हशींची दावी कापून त्यांना सोडलं, एक पुन्हा दिसली नाही. २०२१ ला परत तेच, फक्त दिवसाउजेडी. नवरा फोनवर म्हणतो, आबांचं ऐक, त्यांनी पूर बघितलेत. आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणतात, एवढी कशी गं भित्री तू. मुलांना घेऊन एकटीच निघून जाऊ का? म्हाताऱ्यांना टाकून गेली असं आयुष्यभर ऐकावं लागेल. हातकणंगल्याकडे माळावर नणंदेचं घर आहे, पण लेकीच्या दारात राहायचं नाही असं आबांचं आहे. आणि दर दोन-चार वर्षांनी हेच होणार असेल तर हे घर सोडून माळावर जागा घ्यावी का?
एक सून

उत्तर:

सूनबाई, तुला ‘तू’च म्हणते. माझ्या धाकट्या जावेच्या वयाची असशील, आणि ३८ फुटांवर मानपान करत बसायला सवड नाही.

भित्रेपणाचं आधी उरकून टाकू. सहावा महिना असताना रात्री दोनला बोटीत चढलेल्या बाईला भित्री म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आत्तीही घाबरल्यात, फक्त त्यांची भीती तुझ्या नावावर जमा होतेय. सोडून दे.

मला तुझ्या पत्रात दिसलं ते असं. जायचं की नाही यावर तुमच्याकडे भांडण चाललंय असं तुला वाटतं, पण आबांनीही जायचं नाही असं म्हटलेलं नाही. ‘मग बघू’ म्हणालेत. म्हणजे भांडण आहे ते कधी निघायचं यावर, आणि त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. आबांकडे त्यांचा आकडा आहे, पायरी. तुझ्याकडे काहीच नाही, नुसतं ‘आताच’ आहे. म्हणून दरवेळी ते जिंकतात. तूही आकडा घेऊन बस.

पायरीत खोट काय आहे ते तुला ठाऊक आहे, पण आबांना सांगता येईल अशा शब्दांत मांडते. पाणी घराकडे यायच्या आधी रस्त्यावर येतं. गावाबाहेर पडताना कुठंतरी ओढ्यावरची मोरी लागते, कुठं उसाच्या दोन फडांमधली सखल पट्टी लागते. नदी फुगली की ओढा उलटा भरतो आणि पाणी मागच्या दाराने येऊन रस्ता गिळतं. तेव्हा तुमची पायरी खडखडीत कोरडी असते. आबा तिच्यावर बसून तंबाखू मळत असतात, आणि गाव तोवर बेट झालेलं असतं. पायरीला पाणी लागतं तेव्हा निघायचा प्रश्न संपलेला असतो, त्यापुढे उरतो तो बोटीचा.

तेव्हा आबांना हे विचार: “आबा, २०१९ ला आणि २०२१ ला ओढ्यावरची मोरी कधी बुडाली? त्या दिवशी बंधाऱ्यावर किती फूट होतं?” वाद घालू नकोस, खरोखर माहिती विचार. पूर बघितलेल्या माणसाला असलं सगळं पाठ असतं. दूध संस्थेची गाडी कोणत्या दिवशी आली नाही, हे विचारलंस तर तारीख वारासकट मिळेल. ती तारीख आणि त्या दिवसाची पातळी, एवढं मिळालं की तुमच्या गावाचा आकडा सापडला. त्यातून एक पूर्ण दिवस वजा कर. तो तुमचा निघायचा दिवस.

सरकारी आकडे तू रोज ऐकतेसच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेला ४० इशारा आणि ४५ धोका. २००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्याही वर. पंचगंगा २०१९ आणि २०२१ अशी दोन्ही वेळा ५५ फुटांपलीकडे गेली. आबांच्या भिंतीवर २००५ ची खूण असेल तर तिच्यावर २०१९ ची किती वीत वर आहे ते त्यांच्याच हाताने मोजून घे. पायरीचा पूर हा त्यांच्या आयुष्यातला एक पूर होता. त्यानंतरच्या दोघांनी ती पायरी मानलेली नाही.

जुन्या तारखांचा हिशेब जमलाच नाही तर माझा ठोकताळा घे: ३९ ओलांडून पाणी चढतंच असेल तर म्हशी हलवायच्या, ४१ ला म्हातारी माणसं आणि मुलं, आणि ४३ लागायच्या आत घराला कुलूप. तहसीलदारांनी किंवा ग्रामपंचायतीने त्याआधीच निघा म्हटलं तर माझा ठोकताळा चुलीत घाल आणि नीघ. शिवाय तुम्ही एकट्या पंचगंगेचे नाही. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत मिसळते, पंचगंगा नृसिंहवाडीला, दूधगंगाही तुमच्याच तालुक्याच्या टोकाला येते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा धरून मागं चढतं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरायला लागल्याची बातमी आली तरी तुमच्याकडे ते चढत असू शकतं. राजारामबरोबर आयर्विनचा आकडाही बघत जा.

पावसाचंही तसंच. गगनबावड्याला, राधानगरीला, महाबळेश्वरला, कोयनेवर नवजाला पाऊस बदाबदा पडतो आणि शिरोळात ऊन पडलेलं असतं. आबा आभाळाकडे बघून म्हणतात, उघडलं. पण कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी साठतं, वारणेत ३४. धरणं भरत आली की विसर्ग वाढणारच. राधानगरीला तर सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. अंगणातल्या उन्हाला या हिशेबात काही किंमत नाही.

आता कट्ट्यावर कुणीतरी म्हणेलच की हे सगळं खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण ठरवलं नाही. ते आपल्याकडे पुष्कळांना पटलेलं नाही, आणि त्या धरणाची उंची वाढवायच्या प्रस्तावावरून दोन्ही राज्यांत अजून वाद चालू आहे. तो वाद महत्त्वाचा आहे. पण तो दिवाळीत, फराळ खाताना घालायचा. आज अलमट्टीचा दोष सिद्ध झाला तरी तुझी म्हैस कोरडी राहत नाही.

आपला पूर फसवा आहे. २०२१ ला चिपळूणला पाणी एका रात्रीत आलं, तिथं लोकांना विचार करायला उसंतच मिळाली नाही. आपल्याकडे ते बोटाबोटाने चढतं, येताना सांगून येतं, आणि मग आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतं. वेळ भरपूर मिळतो आणि त्या वेळेतच माणसं अडकतात. सकाळी चार बोटं, दुपारी दोन बोटं, मग कुणीतरी म्हणतं आता थांबलं, आणि सगळे जेवून झोपतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून पंधराहून अधिक माणसं गेली, त्यात बायका होत्या, लेकरं होती. ती माणसं मूर्ख नव्हती. तुझ्या-माझ्यासारखीच, अजून बघू म्हणत थांबलेली होती. शेवटच्या बोटीत गर्दी असते, ती चालवणारा दमलेला असतो. त्या बोटीवर पुन्हा भिस्त ठेवू नका.

आता आबा.

तू एक वाक्य सहज लिहून गेलीस: दोन पोरांनी त्यांना उचलून बोटीत घातलं, आणि त्यावर ते कधी बोलले नाहीत. मला वाटतं, सगळं तिथंच अडलंय. पाण्याला ते भीत नसतीलही, पण पुन्हा तसं उचललं जायला भितात. त्यानंतर शाळेतल्या छावणीत ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि तेही ज्याने आयुष्यभर दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही त्या माणसाने. अशा माणसाला ‘घर सोडा’ म्हटलं की तो पायरी घट्ट धरणारच.

म्हणून त्यांना घर सोडायला सांगू नकोस. म्हशी सोडवायला सांग.

गाभण म्हैस पाण्यात चालवायची नाही, टेम्पोतही दांडग्या धक्क्यांनी न्यायची नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा तिला न्यायचं ते रस्ता कोरडा असताना, सावकाश, ओळखीच्या माणसाबरोबर. ओळखीचा माणूस म्हणजे आबाच. त्यांच्याशिवाय ती नव्या गोठ्यात पान्हा सोडणार नाही, वैरणीला तोंड लावणार नाही. यात खोटं काही नाही. आणि लेकीच्या घरी राहायचं नाही ही त्यांची अट मोडायचीही गरज नाही, कारण राहायला जाताहेत म्हशी. आबा त्यांच्यासोबत जातात, गोठ्याशेजारी खाट टाकतात. चार दिवसांनी नातवंडं तिथं आली की खाट आपोआप सोप्यात सरकते. पण हे आमंत्रण तुझ्या तोंडून जाता कामा नये. नणंदेनं स्वतः फोन करायचा: “आबा, इकडं वैरण हाय, गोठा मोकळा हाय, म्हसरं घेऊन या.” लेकीने हाक मारली की बाप नाही म्हणताना दहादा विचार करतो. सुनेने सांगितलं की एकदाही करत नाही. यावर रागवायचं असेल तर पावसाळा संपल्यावर रागव, मीही येते.

दुधाचा प्रश्न आबांच्या मनात असणार, ते बोलून दाखवत नसले तरी. दहा दिवसाचं बिल बुडतं म्हणजे घराचा किराणा बुडतो. नणंदेच्या गावच्या संस्थेत तेवढे दिवस दूध घालता येईल का हे तिच्या नवऱ्याला आजच विचारून ठेवायला सांग. जाताना दोन दिवसांचा कडबा, पेंडेचं पोतं, दावी, आणि जनावरांच्या कानातल्या टॅगचे नंबर कागदावर. देव न करो, पण जनावर गेलं तर भरपाईच्या वेळी कागद मागतात. २०१९ ला जी गेली तिचा नंबर तुमच्याकडे होता का? आणि काहीही झालं, शेवटच्या घटकेला जनावरं मागं राहिलीच, तर दाव्याला बांधलेली ठेवायची नाहीत. तुम्ही त्या रात्री दावी कापलीत ते बरोबरच केलंत. एक गेली, पण बांधून ठेवली असती तर सगळीच गेली असती.

नवऱ्याबद्दल थोडं कडक बोलते. ‘आबांचं ऐक’ हे चाकणहून म्हणणं फार सोपं आहे. पूर आबांनी बघितलेत, तसे तूही बघितलेस, त्यातला एक पोटुशी असताना. त्याने दोनपैकी एक करावं. यायचं असेल तर आज यावं, कारण २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच कितीतरी दिवस पाण्याखाली होता. रस्ता बंद झाल्यावर टोलनाक्यावरून येणारे काळजीचे फोन कुणाच्या उपयोगाचे नसतात. येता येत नसेल तर त्याने आबांना स्वतः फोन करावा आणि स्पष्ट म्हणावं, “आकडा अमुक झाला की हिनं निघायचं हे मी ठरवलंय.” मी ठरवलंय, असं. निर्णय तूच घेतलेला असेल, पण शब्द त्याचा असू दे. म्हणजे उद्या ‘टाकून गेली’ हे वाक्य तुझ्या वाट्याला येणार नाही, आलं तर त्याच्या येईल. मुलगा आहे, त्याला पेलेल.

एकटी निघून जाऊ का, हे तू विचारलंस, त्याचं उत्तर होय. ठरलेला आकडा आला, आणि म्हशी, लेक, नवरा सगळं करूनही म्हातारी दोघं हलली नाहीत, तर मुलांना घेऊन नीघ. भांडून नाही, जेवण करून ठेवून नीघ. जाताना सरपंचांना आणि पोलीस पाटलांना सांगून जा की घरात दोन म्हातारी माणसं आहेत, एकीला अमुक औषधं चालू आहेत. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करून नोंदव. तू त्यांना टाकलेलं नसतं. तू त्यांच्यासाठी येणाऱ्या बोटीतली दोन लहान मुलांची जागा मोकळी केलेली असते. पण मला वाटतं ही वेळ येणार नाही. नातवंडं नाहीत, म्हशी नाहीत, अशा घरात आत्ती एक रात्रही काढणार नाहीत.

सामानाचं फार सांगत नाही, दोनदा निघालीस म्हणजे तुझे हातच बोलतील. फक्त एक आमची गोष्ट. २००५ ला सांगलीत आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आईने सगळ्यात आधी काय माळ्यावर चढवलं असेल? लोणच्याची बरणी. कैरीचं, त्याच वर्षी घातलेलं. बरणीला धक्का लागला नाही. तिच्या लग्नाचे फोटो पलंगाखालच्या पेटीत राहिले आणि त्यांचा लगदा झाला. ती बरणी पुढं वर्षभर पुरली, आणि प्रत्येक वेळी लोणचं वाढताना घरात कुणी बोलत नसे. तेव्हा कोरडं असतानाच ठरव, परत मिळणार नाही असं घरात काय आहे. सात-बारा पुन्हा निघतो, आधार पुन्हा निघतं. जुनं खरेदीखत, सोन्याच्या पावत्या, मुलांचे दाखले, फोटो हे आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाल, आणि सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून नवऱ्याकडे पाठव. आत्तींच्या शुगर-बीपीच्या गोळ्या असतील तर पंधरा दिवसांच्या घे, कारण पाणी बसलं की औषधाचं दुकानही बसतं. सोनं घरात ठेवू नको. चोरीची भीती खोटी नसते, पण ती घालवायला म्हाताऱ्याला राखणीला बसवणं हा उपाय नव्हे. चोराला नेण्यासारखं काही न ठेवणं हा उपाय आहे.

निघताना मेन स्विच बंद. गॅसची टाकी रेग्युलेटर काढून कशालातरी घट्ट बांध, नाहीतर ती तरंगत घरभर हिंडते. संडासाच्या भांड्यावर वाळूचं पोतं टाक, नाहीतर घाण उलटून आत येते. मोटरसायकल माळावर, आणि चुकून बुडालीच तर पाणी उतरल्यावर किक मारून बघायची नाही. पाणी इंजिनात असताना ती चालू केली की इंजिन जातं आणि विमावालेही हात वर करतात.

परत येण्याची घाई करू नका. याबाबत मी आबांपेक्षा हट्टी आहे. पाणी ओसरलं की सगळ्यांना आपलं घर बघायचं असतं. तुमच्या मागच्या खोल्या किंवा गोठा पांढऱ्या मातीच्या भिंतींचा असेल तर पाण्यात असताना नव्हे, पाणी गेल्यावर, वाळताना भिंत बसते. दोन-तीन दिवसांनी, ऊन पडल्यावर. तिच्या सावलीत मुलांना खेळू द्यायचं नाही, म्हैस बांधायची नाही. आत शिरताना हातात काठी आणि पायात गमबूट. पुरात सापांचीही घरं बुडालेली असतात, ते सरपणात, गोठ्याच्या आढ्यात, घडी केलेल्या सतरंजीत येऊन बसतात. चावलाच तर मांत्रिक नाही, ब्लेड नाही, आवळून बांधणं नाही. सरळ सरकारी दवाखाना, १०८ ला फोन.

झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाईल घे. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, फुगलेलं कपाट, सगळ्याचे फोटो. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत तू घर लख्ख करून ठेवलेलं असतंस आणि मग नुकसान दाखवायला काही उरत नाही. कामसू बायकांचं हे फार होतं. फोटो झाले की मात्र गाळ ओला असतानाच ओढून काढा, वाळला की सिमेंट. विहिरीत, टाकीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून घ्या, पिण्याचं पाणी उकळूनच. पुरात वावरल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना “आम्ही पुराच्या पाण्यात होतो” हे आपणहून सांगायचं. लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो, साधा ताप म्हणून अंगावर काढला तर मूत्रपिंडाला भारी पडतो. वीज वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायची नाही. देवघरातला दिवासुद्धा तेलाचाच लाव तोवर.

राहिला घराचा प्रश्न. तो आज सोडवायचा नाही. पूर डोळ्यांसमोर असताना घर विकायला निघालं की भाव मातीचा येतो आणि आबा आयुष्यभर बोलणार नाहीत. पावसाळ्यानंतर जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशात तुमचं घर कुठं पडतं ते बघून या. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्याच्या आत असाल तर नवं बांधकाम करताच येत नाही, तिथं जुन्या घरावर पैसा ओतू नका. निळ्या-लालच्या मध्ये असाल तर अटींवर बांधता येतं, जोतं पुराच्या वर घेऊन. हे शंभर आणि पंचवीस वर्षांचे आकडे ऐकून आबा हसतील, त्यांनी सोळा वर्षांत तीन बघितलेत. त्यांचं हसणं बरोबर आहे.

माझं मत विचारशील तर नदीकाठची मळीची जमीन सोडू नका. ती पिकवते म्हणून तर तुमच्या पणजोबांनी तिथं घर बांधलं, आणि पुराचा गाळच ती पिकवतो. पण माळावर दोन खोल्या आणि एक गोठा, सुरुवातीला पत्र्याचा का असेना, एवढं पाच-सात वर्षांत जमवा. जून ते सप्टेंबर म्हशी तिकडे. दिवाळीला सगळे नदीकाठच्या घरात. घर सोडलं असं कुणाला म्हणता येणार नाही आणि मुलांची शाळाही छावणीपायी बुडणार नाही. ‘आता ही शेवटची बोट’ असं तुला मनात ठरवायचं असेल तर ते ठरवायला हा प्लॉट उपयोगी पडेल. तोवर घराचा विमाही काढून घ्या. पुराचा समावेश असतो, पण पाणी चढायला लागल्यावर काढलेला विमा चालत नाही, त्यामुळे तेही दिवाळीनंतरचंच काम.

वाडीला दक्षिणद्वार झालं का गं, म्हणजे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात नदीचं पाणी शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडायला लागलं का? झालं असेल तर आत्तींना स्नानाला जायचं असेल. जाऊ दे, पण रस्ता बघून, आणि मुलांना सोबत नेऊ नका म्हणावं.

आज एवढंच कर. दुपारी नणंदेला फोन लाव आणि तिला सांग की आबांना संध्याकाळीच कर, साडेसहाच्या सुमाराला. त्या वेळी ते धार काढायला बसलेले असतील. फोन तूच कानाला धर, त्यांचे हात मोकळे नसतील, आणि गाभण म्हैस शेजारीच उभी असेल.